पूर्वेचा कडा

१

खाणीतला दिवस ताईच्या पहारीने उजाडायचा. भोंगा त्याच्या आधी वाजायचा खरा, पण भोंग्याला कोण विचारतो? डंपरवाले, ड्रिलवाले, पोकलेनवाले आपापल्या यंत्रात चढून बसायचे आणि किल्ली न फिरवता गप्प राहायचे. वर, कड्याच्या टप्प्यावर, ताई कमरेला दोर बांधून चालत असायची. हातातल्या पहारीने दगड ठोकायची, कान द्यायची, दोन पावलं पुढे सरकायची.

मडकं घेताना बाई बोटाने वाजवून बघते, तसंच हे काम. सलग दगड खणखणीत वाजतो. मागून सुटलेला दगड बद्द वाजतो. खणखणीत वाजला की ताई खाली हाक द्यायची, "पक्काऽऽ!" आणि त्या भागाखालची यंत्रं सुरू व्हायची. बद्द वाजला की "कच्चाऽऽ!" आणि तिथे कुणी चाकसुद्धा वळवायचं नाही. हाक येईपर्यंत खालच्यांनी वर बघायचं नाही, हाही नियमच होता, कारण ठोकताना कच पडते आणि ती नेमकी डोळ्यात जाते. त्यामुळे सगळा कारभार कानांवर चालायचा. यात कधी चूक झाली नव्हती, म्हणून कुणाला तो विचित्र वाटत नव्हता.

कागदोपत्री ती तपासणी अधिकारी. भूगर्भशास्त्र शिकलेली, कडा हलला तर सांगणारं मोजणीयंत्रही तिच्याच ताब्यात. पण तिचा धाकटा भाऊ याच खाणीत पोकलेनवर होता, तो ताई म्हणायचा, म्हणून सगळी खाण ताई म्हणायला लागली, साहेबांसकट. पाठीमागे तिला सुतारपक्षी म्हणत. ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. एखादी गोष्ट पटली नाही तर ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती हलायची नाही, एवढं एक सोडलं तर बाई प्रेमळ होती.

पूर्वेच्या कड्यावर, दुसऱ्या टप्प्याच्या मधोमध, एक भला थोरला चिरा होता. त्याला म्हातारा म्हणायचे. त्याच्या मागे भेग होती, मूठ आत जाईल एवढी. ताई या खाणीत आली तेव्हापासून म्हातारा बद्द वाजत आलेला. त्याच्यावर लाल रंगाची फुली होती आणि त्याच्या पायथ्याशी कुणी काम करत नसे. रोजच्या सवयीने त्या सकाळी ताईने त्याला ठोकलं, "कच्चा" म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हातारा खणखणीत वाजला.

तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा खणखणीत, काशाच्या भांड्यासारखा. तिने पहार बगलेत धरली आणि हात भेगेत घातला. हात मनगटापर्यंत गेला. आतून गार हवा येत होती. भेग होती तशीच होती.

"कच्चाऽऽ!" ताई ओरडली. आवाज काहीही म्हणो, भेग तिने हाताने पाहिली होती.

२

"ताई, तुझे कान तपासून घे," धाकटा जेवताना म्हणाला. "वय होतंय आता."

"तुझं तोंड तपासून घे आधी. घास गिळून बोलावं, हे लहानपणी शिकवलं होतं मी."

भावजय हसली. ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. तिच्या डोक्याजवळ, खिडकीखाली, फरशीचा एक तुकडा भिंतीपासून सुटलेला होता, वर्षभर दुरुस्तीची वाट बघत. ताई उठली आणि चमच्याच्या दांड्याने तो वाजवला. बद्द. शेजारचा वाजवला. टणक. पुन्हा पहिला. बद्द.

"कान ठीक आहेत," ती म्हणाली.

"मग दगड बरा झाला असेल," भावजय म्हणाली.

"दगड बरा होत नसतो गं. फुटतो, झिजतो, पडतो. बरं होणं त्याच्या नशिबात नाही."

धाकटा मात्र खुशीत होता. म्हातारा पक्का वाजतोय, हे खालच्यांनीही ऐकलं होतं आणि ही बातमी साहेबांपर्यंत गेली होती. पूर्वेचा कडा इतकी वर्षं त्या एका चिऱ्यापायी अडला होता. आता त्याचा पायथा कापायला घ्यायचा ठरत होतं, आणि ते काम नव्या मोठ्या पोकलेनचं होतं, म्हणजे धाकट्याचं. डंपरच्या धुरळ्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर त्याला ते यंत्र मिळालं होतं. रोज घरी येऊन तो त्याच्याबद्दल अशा कौतुकाने बोलायचा की भावजयीने एकदा विचारलं होतं, माझं नाव तरी आठवतंय का.

ताईने तरीही कान तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरने तिला एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही इथे कशाला आलात? पलीकडच्या खोलीत माझी बायको फोनवर काय बोलते तेही तुम्हाला ऐकू येत असेल."

"येतंय," ताई म्हणाली. "पण ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

परत येताना तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कान बिघडले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

३

त्यानंतर पूर्वेचा सगळाच कडा सुधारला. जिथे थोडी कुरबुर होती तिथे ती मिटली. जिथे दगड नेहमी जरा हलका वाजायचा तिथे भरीव वाजू लागला. ताईने स्वतःची समजूत घालून पाहिली. भेगांमध्ये माती जाऊन बसली असेल. उन्हाने दगड फुगला असेल. मोजणीयंत्र तर दर वेळी तेच सांगत होतं, कडा जागेवर आहे. तिने पहार बदलून पाहिली, हात बदलून पाहिला. आवाज चांगलाच.

आणि सगळीकडे एकच. तिला खुपत होतं ते हे. दोन दगड कधी सारखे वाजत नाहीत. एकाच टप्प्यावर चार प्रकारचे सूर निघतात, आणि ताई तर डोळे मिटून आपण कुठे उभ्या आहोत ते सांगू शकायची. आता डोळे मिटले की तिला आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं.

साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. कडा किती मागे सरकला, त्याच्या रंगीत रेघा. पूर्वेकडे रेघा एकमेकींना चिकटून थांबलेल्या होत्या, आणि साहेबांचं बोट नेमकं तिथे होतं.

"ताई, सगळं चांगलं वाजतंय. यंत्र चांगलं म्हणतंय. मग अडलं कुठे?"

"फार चांगलं वाजतंय, साहेब."

"वाईट वाजलं तर तक्रार, चांगलं वाजलं तरी तक्रार. तुम्हाला सून मिळायला हवी होती."

"सुनेला घराबाहेर जाता येतं. तुम्ही माणसं पाठवताय ती कड्याखाली बसणार आहेत."

साहेब वाईट माणूस नव्हता. वरून त्याला रोज विचारणा होत होती आणि खाली त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो खुर्चीत मागे रेलला. "मला एक कारण द्या. कागदावर लिहिता येईल असं. एकच."

ताईने तोंड उघडलं. कडा खोटं बोलतोय, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि ते इतकं वेडगळ होतं की तिने ते गिळलं. "भेगा आहेत," ती म्हणाली.

"भेगा कुठे नसतात?" साहेब म्हणाला. पायथ्याचं काम येत्या सोमवारपासून ठरलं.

४

दुपारच्या सुट्टीत खाण रिकामी होते. सगळे जेवायला वर जातात, यंत्रं उन्हात तापत उभी राहतात. अशा वेळी ताई एकटी पूर्वेच्या टप्प्यावर चढली. तिला कुणाच्या देखत वेडेपणा करायचा नव्हता.

टप्पा एका बाजूने उघडा होता, तिथून उतार खाली जायचा. दुसऱ्या टोकाला तो कड्यात जाऊन संपायचा. ती उताराकडून आत शिरली आणि रोजच्यासारखी ठोकत निघाली. तिची एक चाल होती. दोन हलके टोले, मग एक जोरात. खालच्यांना कळावं की ही ताई आहे, दगड पडत नाहीयेत, म्हणून जुन्या तपासनिसांनी पाडलेली ही पद्धत. टक टक, ठण्ण. टक टक, ठण्ण. सगळं खणखणीत.

म्हाताऱ्यापाशी ती थांबली. दोन हलके टोले दिले. तिसऱ्यासाठी पहार मागे नेली, जोरात आणली, आणि दगडाच्या बोटभर अलीकडे हात आवरला.

ठण्ण.

पहार दगडाला लागलीच नव्हती. तिच्या मुठीत लोखंड थंड होतं, जराही थरथरलेलं नव्हतं. पहारीचं टोक आणि दगड यांच्यामधून उजेड दिसत होता. आवाज मात्र विरत विरत खाणीभर फिरून आला.

ताईची पहिली भावना भीतीची नव्हती. तिला संताप आला, परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या पोराचा मास्तरणीला येतो तसा. "मी अजून ठोकलं नाही," ती दगडाला म्हणाली, अगदी स्पष्ट शब्दांत.

काही वेळ काही झालं नाही. मग तिच्यापुढे दोन पावलांवर, जिथे ती आता जाणार होती तिथे, हलकेच वाजलं. टक टक, ठण्ण. मग आणखी पुढे. टक टक, ठण्ण. टप्पा समोर मोकळा होता, उन्हात लख्ख. कुणी नव्हतं. आवाज तिच्याच चालीने, तिच्याच सावकाशीने, तिच्याशिवाय पुढे चालला. जिथे ती रोज श्वास घ्यायला थांबायची तिथे तो थांबला. मग पुन्हा निघाला आणि टप्प्याच्या बंद टोकाशी जाऊन पोचला.

तिथे, कड्याच्या आत, काहीतरी आत ओढल्यासारखं झालं. हाक द्यायच्या आधी माणूस छातीत हवा भरतो तसं. हाक आली नाही. ताई पाठ न फिरवता, मागच्या मागे पावलं टाकत उतारापर्यंत आली.

५

"साहेबांना घेऊन जाते वर, ऐकवते," तिने रविवारी धाकट्याला सांगितलं. ती घेऊनही गेली. सुट्टीच्या दिवशी टोपी सावरत साहेब बिचारा टप्प्यावर आला. ताईने दोन टोले दिले आणि तिसरा हवेत थांबवला.

शांतता. साहेबाने वाट पाहिली. ताईने पुन्हा तसंच केलं. काही नाही. तिने चिडून खरोखर टोला दिला, तर दगड असा साजरा वाजला की साहेबच खूश झाला.

"दगदग फार होतेय तुमची," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजातली दया तिला चाबकासारखी लागली. "उद्याची हाक द्या आणि थोडे दिवस रजा घ्या. हाक द्यायची नसेल तर सांगा, मी दुसरा तपासनीस बोलावतो."

"बोलवा. तो येईपर्यंत हाक माझी आहे. मी देणार नाही."

घरी धाकटा भडकला. आजवर तो तिच्यासमोर आवाज चढवून बोलला नव्हता. "सगळी खाण हसतेय, ताई. बहीण भुताशी बोलते म्हणतात. हे मशीन मला मिळवायला काय काय करावं लागलं ते तुला माहीत आहे. आणि तूच आडवी येतेस? तुझ्या भीतीवर माझं घर चालणार नाही."

"मी भ्यायलेली नाही. मी चिडलेय."

"कुणावर? दगडावर?"

"हो. दगडावर. तो साहेबांसमोर शहाण्यासारखा वागतो आणि तुझी वाट बघतोय."

धाकटा ताटावरून उठला. भावजय दोघांकडे बघत राहिली, मग ताईच्या जवळ येऊन बसली. "ते तुमच्याशी भांडले तरी तुमच्या हाकेशिवाय किल्ली फिरवणार नाहीत," ती म्हणाली. "एवढी मला खात्री आहे."

ताईलाही होती. तिची सगळी भिस्त त्यावरच होती. उद्या तोंड मिटून उभं राहायचं, बस्स. जगात कुणी तिच्या तोंडातून हाक काढून घेऊ शकणार नव्हतं.

६

सोमवारी ऊन नुकतं कड्यावर आलं होतं. पूर्वेच्या पायथ्याशी, म्हाताऱ्याच्या बरोबर खाली, धाकट्याचं पोकलेन उभं होतं आणि मागे दोन डंपर. माणसं आपापल्या जागी, माना खाली, किल्लीवर हात. साहेब उताराच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभा होता.

ताई टप्प्यावर म्हाताऱ्याशेजारी उभी राहिली. तिने ठोकलं नाही. पहार दोन्ही हातांत आडवी धरली, ओठ घट्ट मिटले आणि खाली धाकट्याच्या केबिनच्या छपराकडे बघत राहिली. मनात म्हणाली, बसा वाट बघत. धाकट्या, तूही आणि हा दगडही.

टप्प्याच्या बंद टोकाकडून टोले आले. टक टक, ठण्ण.

आणि मग तिच्याच आवाजात, शेवटचा स्वर ती जसा जरा वर उचलायची तसाच उचलून, हाक आली.

"पक्काऽऽ!"

खाली किल्ल्या फिरल्या. "नाही!" ताई ओरडली. "कच्चा! कच्चाऽऽ!" पण तोवर डंपर धडधडू लागले होते आणि पोकलेनने धूर सोडला होता. एकदा यंत्रं सुरू झाली की वरचं खाली ऐकू येत नाही. वर कुणी बघत नव्हतं. साहेब सुटकेने मान हलवत पाठमोरा झाला होता. पोकलेनचा हात उचलला गेला आणि पायथ्याकडे वळला. ताईच्या खांद्याला टेकलेला म्हातारा केसभर पुढे सरकल्याचं तिला जाणवलं. अगदी सावकाश, आवाज न करता.

पहार हातातून कधी सोडायची नसते. ताईने ती डोक्यावर उचलली आणि खाली भिरकावली.

ती पोकलेनच्या पुढच्या लोखंडावर आदळून बाजूला उडाली. यंत्र थांबलं. धाकटा दार उघडून बाहेर आला, लालबुंद होऊन, शिवी तोंडात घेऊन, आणि त्याने वर पाहिलं.

"पक्काऽऽ!" तेवढ्यात पुन्हा हाक आली, पहिलीपेक्षा मोठी, इंजिनांच्या धडधडीवरूनही ऐकू येईल अशी.

धाकटा ताईच्या तोंडाकडे बघत होता. ताईने ओठ आवळून धरले होते, इतके की ते पांढरे पडले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते कळलं नाही. तो केबिनमध्ये वाकला आणि किल्ली काढून घेतली. मग खाली उडी मारून डंपरांकडे धावला, दोन्ही हात हलवत, चाकांवर हात आपटत. एक इंजिन बंद झालं. मग दुसरं. माणसं उतरली, उताराकडे पळाली, आणि साहेबापाशी पोचून सगळ्यांनी जन्मात पहिल्यांदा माना वर केल्या.

खाणीत शांतता झाली. त्या शांततेत हाक येतच राहिली. पक्का. पक्का. उन्हात लख्ख रिकाम्या टोकाकडून, ताईच्या आवाजात, आता जरा घाईने. ताई तिथून बरीच लांब, तोंड मिटून उभी असलेली सगळ्यांना दिसत होती. साहेबाची टोपी खाली पडली होती आणि त्याने ती उचलली नाही.

"कच्चाऽऽ!" ताई जीव तोडून ओरडली. या वेळी ती सगळ्यांना ऐकू गेली.

कडा गप्प झाला.

तिने खांदा म्हाताऱ्यापासून अलगद सोडवला. तिला हसू येत होतं. जिंकल्यासारखं वाटत होतं. उताराकडे जायला ती वळली, तेव्हा मागून, अगदी जवळून, म्हाताऱ्याच्या पाठीमागच्या भेगेतून धाकट्याचा आवाज आला. लहानपणी अंधारात तिला शोधताना तो बोलायचा तसा, लाडीगोडीचा.

"ताई, चुकलं माझं. इकडे ये. हात दे."

ताईने खाली पाहिलं. उताराच्या पायथ्याशी, सगळ्यांच्या पुढे, धाकटा उभा होता. त्यालाही ऐकू गेलं होतं. त्याने दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते आणि तिला नीट दिसावं म्हणून मान जितकी वर करता येईल तितकी वर केली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात त्याने काढले नाहीत.

"ताई, हात दे ना," भेग म्हणाली.

"कच्चा," ताई म्हणाली. दोन्ही हात पोटाशी घट्ट बांधून, भावाच्या मिटलेल्या तोंडावरची नजर न हलवता, ती एकेक पाऊल उतरू लागली.